एका पानाचा अर्ज

सोनखेडी, ता. ६ मे १९९१

प्रिय अक्का,

पत्र शेजारच्या बेबाबाई वाचून दाखवणार, म्हणून पहिला नमस्कार त्यांना. बाई, बालवाडीत पोरांना शिकवता तशा हळूहळू वाचा, अक्षर कारकुनाचं आहे.

अक्का, बातमी अशी की यंदा अखाजीला मुऱ्हाळी म्हणून मी स्वतः येतोय. चार वर्षं तुला आणायला कुणी आलं नाही, नुसती कार्डं टाकली, ते सगळं माफ कर. बारा तारखेला सकाळच्या गाडीनं धुळ्याला उतरेन, तू पिशवी भरून तयार राहा. दाजींना सांग, आठ दिवस स्वतःच्या हातानं भाकरी थापा, मार्केटात हमाली करणाऱ्याला काय जड आहे?

रुपचंदभाऊंनी झोक्यासाठी नवा दोर आणलाय. वहिनी सांजोऱ्या करणार आहेत. आबा गेल्यावर तू अखाजीला आलीच नाहीस, तर यंदा त्यांची घागर तुझ्या हातानं भरू.

माझंही बरं चाललंय. शेतीच्या ऑफिसात सध्या माझा भाव वधारला आहे. फळबागेच्या अनुदानाला पूर्वी चौदा कागद लागत. शेतकरी चकरा मारून मारून चपला झिजवायचा आणि शेवटी शिव्या आम्हालाच द्यायचा. साहेब म्हणाले, अभिमन, काहीतरी सोपं काढ. मी एका पानाचा अर्ज काढलाय. अखाजीच्या दुसऱ्या दिवशी आपल्याच चावडीवर शिबिर आहे. तेव्हा तुला माझा थाटही बघायला मिळेल.

तुझा,
अभिमन


सोनखेडी, ता. २ जून १९९१

प्रिय अक्का,

सुखरूप पोचलीस ना? अंगठ्याची शाई गेली का? नसेल तर रॉकेलच्या बोळ्यानं घास, लगेच निघते.

शिबिर असं गाजलं की विचारू नको. एका दिवसात त्रेपन्न बहिणींचे अंगठे झाले! साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. म्हणाले, जे वर्षभरात होत नाही ते या कारकुनानं एका दिवसात केलं. अगं, खरी अडचण तीच होती. सातबारावर भावांबरोबर बहिणींची नावं, आणि बहिणी दिलेल्या कुठं कुठं, चोपड्याला, साक्रीला, नंदुरबारला. संमतीच्या एका सहीसाठी भाऊ आठ-आठ दिवस फिरायचा. मी म्हटलं, अखाजीला तर सगळ्या लेकी माहेरी येतातच. तेव्हाच टेबल मांडा! खानदेशाबाहेरच्या साहेबाला हे सात जन्मात सुचलं नसतं.

तुझी गंमत तर मी ऑफिसात सगळ्यांना सांगितली. वाचून दाखवू का म्हटलं तर तू म्हणालीस, "तूच लिखेल शे ना? मंग वाचानं काय?" सगळे पोट धरून हसले.

लिंबाची रोपं पावसाळ्यात येतील. भाऊ नाल्याकाठी खड्डे खणून घेताहेत. गावाकडून काही नोटीस-बिटीस निघाली तर काळजी करू नको, ते सरकारी सोपस्कार असतात, मी बघून घेईन.

तुझा,
अभिमन


सोनखेडी, ता. १८ फेब्रुवारी १९९४

प्रिय अक्का,

बेबाबाईंच्या हातचं तुझं पत्र मिळालं. उत्तराला महिना लागला, कामच तसं होतं.

दाजींना जाऊन वर्ष झालं. दिराच्या मागच्या खोलीत तू राहतेस, शेंगा फोडायला जातेस, हे वाचून वाईट वाटलं. तू लिहितेस, आता सोनखेडीला परत येते, नाल्याकाठचे माझ्या वाट्याचे तीन एकर मीच करते, लिंबं लावते, तुझ्या एका पानाचा अर्ज माझ्यासाठीही भर.

अक्का, विचार चांगला आहे. पण घाई करू नको. यंदाचा कोटा भरत आलाय. शिवाय एकट्या बाईनं शेत करायचं म्हणजे रात्रीबेरात्री पाणी धरावं लागतं, गडी मिळत नाहीत. तू म्हणशील, आबांच्या काळात मीच पाणी धरत होते. खरं आहे, तुझ्याइतकं शेत आम्हा दोघा भावांना कधी कळलंच नाही. तरीपण.

सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तू तलाठ्याकडे जाऊ नको. तो मीच काढून ठेवतो. ऑफिसात यायचं झालं तर आधी कळव, साहेब फार फिरतीवर असतात.

तुझा,
अभिमन


सोनखेडी, ता. १२ नोव्हेंबर १९९४

अक्का,

भाऊबीजेला पाठवलेलं लुगड्याचं पार्सल काल परत आलं. वर पोस्टमननं लिहिलंय, 'घेण्यास नकार'. पोस्टमास्तरनं ते माझ्या हातात देताना असं पाहिलं, जणू मीच ते कुठून चोरून आणलंय.

राग समजू शकतो. पण दोन गोष्टी माझ्याही ऐक. तुला ऑफिसात तीन चकरा पडल्या, त्यात माझा काय दोष? पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा शिक्क्याची चावी सापडत नव्हती. तिसऱ्यांदा खिडकीशी एवढी गर्दी होती की मला तू दिसलीच नाहीस. त्या दिवशी तू आली असशील असं कुणाला वाटणार? शेवटी तू तलाठ्याकडे गेलीस, आणि त्यानं फेरफाराचं पुस्तक उघडून दाखवलं की नाव कधीच कमी झालंय, कागदावर तुझाच अंगठा आहे. हे तुला चारचौघांत ऐकावं लागलं, त्याबद्दल मला खेद आहे.

पण अंगठा तुझा आहे, अक्का. बहिणी हक्क सोडतात, ही गावाची रीतच आहे. आत्यांनी सोडला, आईनं तिच्या भावांना सोडला. रुपचंदभाऊ म्हणतात, तिला गरज होती तर तेव्हाच बोलायचं. मी तुझा हात धरून काही कागदावर टेकवला नव्हता.

अभिमन

ता. क. टेकवला होता. तुझा अंगठा पॅडवर नीट उमटत नव्हता, म्हणून मी धरला होता. तेवढंच.


सोनखेडी, ता. २० एप्रिल १९९५

अक्का,

बेबाबाई, हात जोडून एक विनंती. हे पत्र मोठ्यानं वाचा आणि एकही ओळ गाळू नका. आधीची सगळी पत्रं तुमच्या तोंडून जाणार म्हणून मी अब्रू राखून लिहिली. तुम्हाला वाटलं असेल, काय गुणी भाऊ आहे! आता लाज वाटतेय, पण ती माझी आहे, तुम्ही संकोचू नका.

अक्का, सुरुवातीपासून सांगतो.

मी पहिल्यांदा जो अर्ज लिहिला त्यात बहिणींसाठी एकच ओळ होती. 'फळबाग लावण्यास आमची संमती आहे.' बस. साहेबांना ती पसंत पडली. तेच लिहून दिलं असतं तर आज मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. मी कागद घेऊन घरी आलो. रुपचंदभाऊ शेवग्याखाली बसले होते. त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "म्हंजे पुढला साल आखो तेच? आखो तिना दारशी जा? एकदाव असं लिखी ली, बठ्ठी कटकट मिटी जाई."

मी दुसरी ओळ लिहिली. 'सदर जमिनीत आमचा हक्क, हिस्सा राहिलेला नसून आमची नावे कमी करण्यास हरकत नाही.'

भाऊंनी सांगितलं म्हणून लिहिली असं म्हणायला मला फार आवडेल. पण त्यांना लिहिता येत नाही, मला येतं. आणि मनात काय होतं तेही सांगतो. वाटेकरी तिनाचे दोन होणार, त्या दोघांतला एक मी. हे मला तेव्हा कळत होतं. मी त्याला 'सोपी पद्धत' असं नाव दिलं. साहेबांनी घाईत सही केली, स्टेन्सिल कापली, दोनशे प्रती निघाल्या. अशा ओळीनं हक्क सुटत नसतो, रजिस्टर दस्त लागतो, एवढं मला ठाऊक होतं. तलाठ्यालाही ठाऊक होतं. पण त्या कागदावर त्यानं फेरफार घातला, आणि वर हरकत घ्यायला कुणी गेलंच नाही.

जाणार कसं? हरकतीची नोटीस तुझ्या नावानं निघाली होती. तुझ्यावतीनं ती मी घेतली. खाली सही केली, 'भाऊ'. ती अजून माझ्या पेटीत आहे, पत्रासोबत पाठवतोय.

आता मुऱ्हाळीचं. चार वर्षांनी मी तुला न्यायला आलो. तू दारातच रडलीस. दाजींनी मला चहात दोन चमचे साखर जास्त घातली. जळगावला गाडी बदलून आपण पहूरच्या गाडीत बसलो, तू खिडकीशी, मांडीवर पिशवी. नेरीच्या पुढं आलो तेव्हा तू विचारलंस, "यंदा कशी याद उनी रे भाऊ?" मी म्हणालो, असंच, फार आठवण यायला लागली. तू पदरानं डोळे पुसलेस आणि माझ्या हातावर हात ठेवलास.

मी तुझ्या अंगठ्यासाठी आलो होतो, अक्का. गावातल्या बायका बिचकतील, हे मला माहीत होतं. कारकुनाची सख्खी बहीण पहिली पुढं झाली की बाकीच्या मागोमाग येतील. म्हणून यादीत पहिलं नाव तुझं ठेवलं. आदल्या दिवशी तू आबांची घागर भरलीस, वर खरबूज ठेवलंस, 'आबा, तुमना पोऱ्यानी माले आनं' असं त्यांना सांगितलंस. मी मागं उभा होतो. दुसऱ्या दिवशी तुझा अंगठा धरला.

तीन चकरांचं खरं असं. पहिल्या दिवशी साहेब आत बसून भेळ खात होते. शिपाई वनाला मीच सांगितलं, नाही म्हण. दुसऱ्यांदा चावी माझ्या खिशात होती. तिसऱ्यांदा गर्दी होती, पण तू मला दिसलीस. तुलाही मी दिसलो. तू धुळ्याहून पहाटेची निघाली होतीस, खिडकीच्या फळीवर फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी ठेवलीस, 'भाऊ, जेवी ले' म्हणालीस आणि बाजूला जाऊन बसलीस. मी फाइलीतून मान वर काढली नाही. तू उठून तलाठ्याकडे गेल्यावर त्या दशम्या मी खाल्ल्या. चार होत्या. चारही खाल्ल्या.

शेतकऱ्याच्या चकरा वाचवल्या म्हणून मिरवणारा मी. माझ्या सख्ख्या बहिणीला मी फिरवलं.

तू म्हणशील, हे सगळं आत्ताच कसं सुचलं? होळीनंतर भिकुबाई ऑफिसात आली होती. वरच्या आळीची, तुझ्यासोबत झोक्यावर बसायची ती. नवऱ्यानं टाकलंय, भाऊ शेतात पाय ठेवू देत नाही. व्हरांड्यात बसून होती. मी म्हटलं, भिकुबाई, अंगठा देताना विचारायचं नाही का? ती भांडली नाही. म्हणाली, "तुन्ही बहीननी पहिला दिधा, म्हनीसन आम्हीबी दिधा. सख्खा भाऊ का बहीनले फसाडस?"

त्या दिवशी मी जेवलो नाही. वनानं दोनदा विचारलं, तब्येत बरी नाही का? मला कुणीतरी चारचौघांत थोबाडीत मारायला हवी होती. भिकुबाईनं तेवढंही केलं नाही.

पुढच्या सोमवारी मी तहसीलदारांसमोर जाऊन शपथेवर जबाब दिला. पहिल्या अर्जात काय होतं, दुसरी ओळ कोणी घातली, ती एकाही बाईला वाचून दाखवली नाही, तुझी नोटीस मी घेतली, सगळं लिहून दिलं. त्रेपन्न नावांची यादी जोडली. तुझं पहिलं. साहेब म्हणाले, अभिमन, तुला वेड लागलंय, आता मलाही ओढशील. एक तारखेपासून मी घरी आहे. चौकशी बसलीय, नोकरी राहील असं वाटत नाही. एका पानाचा अर्ज बंद झाला, चौदा कागद परत आले. शेतकरी मला शिव्या घालतात आणि त्यांचंही बरोबर आहे. अर्ज सोपा करण्यात वाईट काही नव्हतं, अक्का. खरं लिहायलाही तेवढंच पान पुरलं असतं.

रुपचंदभाऊंनी चूल वेगळी केली. लिंबं यंदा पहिल्यांदा धरली आहेत, ते म्हणतात, झाडं मी वाढवली, एक फांदी देणार नाही. त्यांच्याशी मी भांडत नाही. ते प्रांतसाहेबांसमोर बोलतील. माझ्या हिश्श्याबद्दल मी लिहून दिलंय की तुझं नाव लागेपर्यंत मी एक लिंबू घेणार नाही.

आता तुझं काम. फेरफार रद्द करायला तुझा स्वतःचा अर्ज लागतो, उशीर का झाला हे सांगून. मी तो लिहून आणतोय. २८ तारखेला, शुक्रवारी, सकाळच्या गाडीनं. मुऱ्हाळी म्हणूनच येतोय, पण सोनखेडीला चल असं म्हणणार नाही. तुला वाटलं तर प्रांत ऑफिसात जाऊ. दार उघडलं नाहीस तर कागद उंबऱ्यावर ठेवून दुपारच्या गाडीनं परत जाईन. माझ्या शब्दावर कशावरही अंगठा देऊ नकोस. आधी बेबाबाईंकडून वाचून घे, मग दुसऱ्या कुणाकडून.

आणि तू पुन्हा विचारशील, यंदा कशी याद उनी? या वेळी खरं उत्तर देईन.

अभिमन


सोनखेडी, ता. ४ मे १९९५

अक्का,

शुक्रवारी तू फारसं बोलली नाहीस, म्हणून हे लिहितोय. उत्तर नको.

दार तू लगेच उघडलंस. मला वाटलं होतं, तासभर उभं करशील, मी त्याच तयारीनं डोक्याला रुमाल बांधून आलो होतो. तू खाट टाकली नाहीस, पाण्याचा तांब्या मात्र दिलास. तू पार वाळलीस. मी अर्ज पुढं केला तर तू हात मागं घेतलास आणि म्हणालीस, "वाच."

मी वाचला. ओट्याला टेकून उभ्या असलेल्या बेबाबाई ऐकत होत्या, शेजारच्या दोघी-तिघी आल्या. 'माझ्या भावाने मला कागदात काय आहे ते न सांगता' ही ओळ मी भरभर उरकली. तू म्हणालीस, "आखो एकदाव." मी परत वाचला. मग बेबाबाईंनी वाचला, अक्षर अन् अक्षर. मग तू परत माझ्याकडं बोट केलंस, "आखो." तिसऱ्यांदा वाचताना मला एकेक चक्कर आठवत होती. तुलाही आठवत असणार.

मग तू स्वतः पॅड मागितलंस. मी सवयीनं हात पुढं केला. तू माझ्याकडं नुसतं पाहिलंस, मी हात खिशात घातला. तुझा अंगठा एका झटक्यात स्वच्छ उमटला. चार वर्षांपूर्वीही उमटला असता. मी घाई केली होती.

"कागद ठेव. मी बेबाबाईसंगे जासू. तू जाय," एवढं तू म्हणालीस. वनानं कळवलंय की अर्ज त्याच दिवशी दाखल झाला, शिक्का बसला, तारीख जूनची पडली. भिकुबाईला मी सांगितलं, तीही अर्ज करतेय. तिचा मी लिहिला आणि तिनं न विचारताच तीनदा वाचून दाखवला. ती म्हणाली, पुरे कर, ध्यानात आलं.

अखाजी झाली. भाऊंनी आबांची घागर वेगळी भरली, मी वेगळी भरली. माझ्या घागरीवरचं खरबूज कच्चंच निघालं. बायकांनी विचारलं, अक्का कोठे शे? मी प्रत्येकीला सांगितलं, मी तिचं नाव काढून टाकलं, म्हणून ती आली नाही. एक-दोघी झोक्यावरून उतरून घरी गेल्या.

परतीच्या गाडीत मला दोघांचं बाकडं मिळालं होतं. जळगावला बदललं, पहूरच्या गाडीतही मिळालं. खिडकीकडची जागा मी नेरीपर्यंत कुणाला बसू दिली नाही. मग एक म्हातारी चढली, तिला दिली.

शुक्रवारी घरातून निघाल्यापासून मी ते उत्तर मनात घोळवत होतो. दारात, ओट्यावर, पॅड पुढं करताना, चप्पल घालताना वाट पाहत होतो की आता विचारशील, यंदा कशी याद उनी.

तू विचारलं नाहीस.

अभिमन